मागून येणारी अक्षरं

या अंकासाठी आम्ही दोघींनी मिळून लिहायचं, असं मागच्या वर्षीच ठरलं होतं. मी लिहायचं आणि शांताने खोडायचं. गेली काही वर्षं तिला माझी वाक्यं फार लांब वाटू लागली होती. शांता गजभिये मार्चमध्ये गेली. आता खोडणारं कोणी नाही. लेख लांबला तर वाचकांनी तेवढं समजून घ्यावं.

आमचा धंदा मंद झालेले कॉम्प्युटर बघण्याचा होता. बिघडलेलं मशीन सोपं असतं. ते चालत नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. मंद झालेलं मशीन चालत असतं, आणि ते चालवणारा माणूस आळशी आहे, असा सगळ्यांचा समज झालेला असतो. त्यामुळे आम्हाला बोलावणं उशिरा यायचं.

मी या कामात आले तेव्हा ऐंशीचं दशक निम्म्याहून पुढे गेलं होतं. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि कुठल्या तरी कॉलेजात शिकवायला लागेन असं घरी धरून चालले होते. पण मला वर्गात बोलायचा कंटाळा होता. सीताबर्डीवर एका जिन्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर विकत आणि दुरुस्तही करत. तिथे माणूस हवा होता. मालकांनी विचारलं, ‘‘ग्राहकांशी बोलता येईल ना?’’ मी म्हणाले, ‘‘गरजेपुरतं.’’ त्यांनी मला विक्रीऐवजी दुरुस्तीत घातलं. लुना, फ्लॉपींचा डबा, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पिशवीत वाचनालयाचं पुस्तक, एवढं सामान घेऊन मी पुढची बरीच वर्षं नागपूरभर हिंडले. पुस्तक लागायचंच. मंद मशीनपुढे वाट बघण्यात दिवस जाई.

मंद होणं म्हणजे काय, ते एकदा सांगते. त्या वेळच्या मशीनची स्मरणशक्ती थोडी असे. एका वेळी एकच काम करावं, ते संपवावं, मग दुसरं काढावं, अशी त्याची रीत. पण काही छोटे प्रोग्राम असे निघाले होते, की एकदा आत आले की जात नसत. पडद्याआड बसून राहत आणि एखादी कळ दाबली की समोर येत. कोणी घड्याळ दाखवी, कोणी कॅल्क्युलेटर, कोणी कॅलेंडर. आम्ही त्यांना बिऱ्हाडकरू म्हणत असू. मशीन सुरू होताना एक लहानशी फाईल आधी वाचतं. तिच्यात एक ओळ घातली, की बिऱ्हाडकरू रोज सकाळी आपोआप आत. ओळ घालायला अक्कल लागत नसे आणि परवानगीही लागत नसे. फ्लॉपी एकमेकांकडून फुकट मिळत.

आता तुम्ही एक अक्षर टाईप केलं, तर ते सरळ पडद्यावर जात नाही. आधी प्रत्येक बिऱ्हाडकरू ते हातात घेऊन बघतो. हे माझ्यासाठी आहे का? नाही. मग पुढच्याकडे देतो. सरकारी कचेरीत अर्ज जसा टेबलाटेबलावरून जातो, तसं. एक टेबल असेल तर काही वाटत नाही.

महालातल्या एका ज्योतिष्यांनी मला पहिला धडा दिला. त्यांनी कॉम्प्युटरवर पत्रिका काढायला घेतल्या होत्या. पाटीवर ‘संगणकीय’ हा शब्द त्यांच्या नावापेक्षा मोठा होता. ते म्हणाले, ‘‘मॅडम, मशीनले साडेसाती लागली आहे.’’ मी फाईल उघडून बघितली. राहुकाळ लागला की वाजणारं घड्याळ, एक पंचांग, आणि मशीन सुरू झालं की लहानशा कर्ण्यातून वाजणारी आरतीची चाल. मी सगळं काढलं आणि परत आले. पुढच्या खेपेला सगळं जागेवर होतं. मी पुन्हा काढलं. पुन्हा आलं. तेव्हा मी त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, तुम्ही काढा. त्यांनी एकेक ओळ नाव घेऊन पुसली. त्यानंतर त्या ओळी परत आल्या नाहीत. माणूस स्वतःच्या हाताने काढलेलं परत बसवत नाही, आणि दुसऱ्याने काढलेलं मात्र आपल्यावर अन्याय झाल्यासारखं परत आणतो. तेव्हापासून मी एक नियम केला. ज्याचं असेल त्याने खुर्चीत बसून काढायचं. मी हात लावणार नाही.

ज्योतिषीबुवांचा पुढे एकदा निरोप आला. पत्रिका आता फार लवकर निघते, आणि गिऱ्हाइकांना वाटतं की विचारच केला नाही. थोडं हळू करता येईल का? मी त्यांची आरती त्यांनाच परत बसवायला सांगितली.

शांता मला कळमेश्वरला भेटली.

तिथल्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या पंपांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. त्यांच्याकडे एकच कॉम्प्युटर. त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली होती, वातानुकूलन बसवलं होतं, आणि बाहेर चपला काढून आत जायची पद्धत होती. धूळ येऊ नये म्हणून, असं कारण सांगत. पण मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि पुढे नारळ ठेवलेला होता, त्यामुळे चपलांचं कारण धुळीपुरतंच असेल असं वाटत नव्हतं.

मॅनेजर देशकर साहेब मला दारातच म्हणाले, ‘‘मशीन ठीक आहे. ऑपरेटर हळू आहे. तरी मालक म्हणतात एकदा बघून घ्या, म्हणून बोलावलं. महिनाअखेरीला तिला कायम करायचं की परत पॅकिंगला पाठवायचं, ते मला ठरवायचं आहे.’’

ऑपरेटर म्हणजे शांता. पॅकिंगच्या शेडमध्ये लागली होती. टायपिंगची परीक्षा पास झालेली म्हणून तिला उचलून या काचेच्या केबिनमध्ये बसवलं. माल घेऊन जाणाऱ्या ट्रकचा गेटपास तिने टाईप करून छापायचा. पास नाही तर ट्रक नाही. बाहेर दोन ट्रक उभे होते आणि त्यांचे ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत होते.

हिशेबनीस बापूराव काचेवर टकटक करून विचारत होते, ‘‘काय वं शांता, आज तरी सुटन का गाडी?’’

‘‘सुटन ना काका. मी तं कधीची लिहून बसली.’’

मी तिच्या शेजारी स्टूल घेतलं. ती टाईप करत होती. बोटं चांगली चालत होती. पण पडदा कोरा. मग ती थांबली, हात मांडीवर ठेवले, आणि अक्षरं एकामागून एक येऊ लागली. मध्येच मशीन ‘टूं’ असं वाजलं. बाहेर देशकर साहेबांनी मान वर करून बघितलं.

‘‘पाह्यलं मॅडम?’’ ती हळूच म्हणाली. ‘‘माझी बोटं पुढं असते अन् अक्षरं मागून येते. आन् ते टूं वाजलं का साहेबाले वाटते मी चुकली.’’

ते टूं चुकीचं नव्हतंच. दाबलेल्या कळा ठेवायला मशीनकडे एक लहानशी जागा असते. ती भरली, की पुढचं घेता येत नाही म्हणून ते वाजतं. ती वेगाने टाईप करत होती म्हणून वाजत होतं. हळू माणसाचं मशीन वाजत नाही, असं मी तिला सांगितलं.

‘‘मग तुम्ही काय करता?’’ मी विचारलं.

‘‘ते वाजू नाही म्हणून आता मीच हळू करून राहिली.’’ मग माझ्याकडे वळली. ‘‘मॅडम, परत पॅकिंगमधे गेली तं बाबाले काय सांगू? त्यायनं सगळ्या गल्लीले सांगून ठेवलं का पोरगी कॉम्प्युटरवर हाय.’’

मी फाईल उघडली. बिऱ्हाडकरू ओळीने बसलेले होते. मी विचारलं, हे कोणी बसवले? ती म्हणाली, ‘‘मीच. ज्यानं त्यानं फ्लॉपी आणून देल्ली. म्हणे एवढंसंच तं आहे. मी कोणाले नाही म्हणू? सगळे माझे साहेबच आहेत.’’

मला पुढे बऱ्याच कचेऱ्यांत हेच दिसलं. मशीन सगळ्यांचं असतं, आणि मशीनपुढे बसणारं माणूस सगळ्यांत लहान असतं. त्यामुळे सगळ्यांचं सगळं आत येतं.

दुपारी मी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. देशकर साहेब, बापूराव, आणि स्टोअरचे तिवारीजी. सगळ्यांनी बाहेर चपला-बूट काढले. अनवाणी उभे राहिले, की मॅनेजर कोण आणि स्टोअरकीपर कोण, हे जरा कमी कळतं. माझ्या कामाला ते बरं पडतं.

आधी मी माझ्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. म्हणजे त्यांचा एकही बिऱ्हाडकरू आत नव्हता. शांताला म्हटलं, पास टाईप करा. तिने सुरुवात केली आणि हात थांबवले.

‘‘हे तं लगेच येऊन राहिलं,’’ ती म्हणाली.

तिने स्वतःचं नाव टाईप केलं, बघितलं, पुसलं, आणि मग पास पूर्ण केला. एकदाही टूं झालं नाही. प्रिंटर करकरला. बापूराव पास घेऊन स्वतः गेटपर्यंत गेले आणि परत येताना पुन्हा बूट काढायला विसरले. तिवारीजींनी त्यांना दारातून परत पाठवलं.

मग एकेक बिऱ्हाडकरू एकटा बसवून बघितला. या कामातली सगळ्यांत अवघड पायरी ती हीच, कारण एकेकटा कोणीच दोषी निघत नाही. बापूरावांचा कॅल्क्युलेटर एकटा होता तेव्हा मशीन छान चाललं. ‘‘पाहा,’’ बापूराव म्हणाले. तिवारीजींचं एकादशी दाखवणारं कॅलेंडर एकटं होतं तेव्हाही चाललं. ‘‘देखो,’’ तिवारीजी म्हणाले. देशकर साहेबांचं घड्याळ, जे पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचं आणि ते बाहेरून आलेल्या पाहुण्यांना दाखवायचे, तेही एकटं चांगलं चाललं. त्याच्या बरोबर वर भिंतीवरही एक घड्याळ होतं. सगळे एकत्र बसवले, की अक्षरं पुन्हा मागे पडली. शिवाय व्हायरस शोधणारे दोन रखवालदार होते. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांनी दिलेले. ते येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवत, आणि कोणी नसलं की एकमेकांची झडती घेत.

मी नियम सांगितला. तिवारीजी आधी बसले. ‘‘एकादशी तो घर में पता चल ही जाती है,’’ म्हणाले, आणि पुसलं. बापूरावांच्या खणात खरा कॅल्क्युलेटर होताच. घड्याळ साहेबांनी काढलं, पण आधी भिंतीवरच्याशी वेळ ताडून बघितली. दोन रखवालदारांपैकी एकाला बापूरावांनीच घालवलं, कारण ती फ्लॉपी त्यांनीच घेतली होती.

मशीन पुष्कळ सुधारलं. पण शांताने टाईप केलं तेव्हा अक्षर किंचित रेंगाळत होतं, आणि प्रत्येक कळेबरोबर हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकत होता. गेटपास टाईप करताना डिस्कला प्रत्येक अक्षराला जागं व्हायचं कारण नाही. फाईलमध्ये उरलेल्या रखवालदाराखेरीज आणखी एक ओळ होती. तिच्या नावावरून काही कळत नव्हतं.

‘‘हे कोणाचं?’’ मी विचारलं.

बापूरावांनी आणि तिवारीजींनी माना हलवल्या. शांता म्हणाली, हे मी बसवलं नाही. मी सांगितलं की ज्याचा मालक सापडत नाही ते मी काढत नाही, आणि पुस्तक उघडून स्टुलावर बसले. केबिनमध्ये गारठा होता. सगळे अनवाणी होते.

थोड्या वेळाने देशकर साहेब म्हणाले, ‘‘ते राहू द्या. त्याचा काही त्रास नाही.’’

‘‘तुमचं हाय का साहेब ते?’’ बापूरावांनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं. ओरडून नाही, लपवूनही नाही. मालकांच्या पुतण्याने मुंबईहून आणून दिलं होतं. दोन कळांमध्ये ऑपरेटर किती वेळ थांबते, ते मोजून डिस्कवर लिहून ठेवायचं. कायम करण्याचा निर्णय अंदाजाने घेऊ नये, पुरावा असावा, म्हणून.

मी म्हटलं, ‘‘ते प्रत्येक कळेला डिस्कवर लिहायला जातं. तोवर मशीन थांबतं. मशीन थांबतं म्हणून त्या थांबतात. आणि त्या थांबल्या, एवढंच ते लिहून ठेवतं.’’

‘‘पण ती आधीपासून हळू होती. म्हणून तर हे बसवलं.’’

‘‘आधी बाकीचे होते.’’

मग शांता बोलली. त्या दिवसातलं तिचं सगळ्यांत मोठं बोलणं ते. ‘‘साहेब, ते टूं वाजते ना, ते माझी चूक नोहे. त्याचं पोट भरलं का ते वाजते. ते वाजू नाही म्हणून मी हळू करून राहिली होती. आन् तुम्ही माझं हळू मोजून राहिले.’’

‘‘अगं, मग मी मोजायचं तरी कसं?’’ साहेबांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं असं मला वाटलं.

‘‘ट्रक मोजा ना साहेब,’’ बापूराव म्हणाले. ‘‘गेटवर उभे तं राह्यतेत.’’

साहेब बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत होते. ती काही फार मोठी खुर्ची नव्हती. मग शांता उठली आणि ते बसले. त्यांना टाईप करता येत नव्हतं. शांता मागे उभी राहून सांगत होती, कोणती कळ, कुठे आहे. ‘‘तिकडं साहेब, उजव्या हाताले. हो, तीच.’’ ते एका बोटाने ओळ पुसू लागले. प्रत्येक दाबाबरोबर लाल दिवा लुकलुकत होता. त्या प्रोग्रामने स्वतः काढलं जाण्याचीही नोंद इमानाने घेतली. अक्षर जात नाही असं वाटून साहेबांनी कळ भराभर दाबली.

टूं.

साहेबांनी मान वळवून मागे बघितलं.

‘‘तुमची चूक नाही साहेब,’’ शांता म्हणाली.

महिनाअखेरीला ती कायम झाली. साहेब तिला काही बोलले नाहीत, मलाही नाही. आमच्या दुकानाच्या कामाबद्दल मात्र त्यांनी मालकांना चांगलं कळवलं. काही आठवड्यांनी तो पुतण्या नवी फ्लॉपी घेऊन केबिनमध्ये आला. शांताने त्याला चपला काढायला लावल्या, खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, सगळ्यांना बोलावते, सगळ्यांसमोर बसवा. तो फ्लॉपी घेऊन परत गेला. हे तिने मला पुढे किती तरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी पुतण्या थोडा जास्त उंच होत गेला.

सगळीकडे असं झालं नाही. मौद्याच्या बाजूला एका भातगिरणीत मी मशीन हलकं करून दिलं तेव्हा कळलं, की आधीची मुलगी हळू म्हणून आठवड्यापूर्वीच काढली होती. नव्या मुलाला सगळ्यांनी हुशार म्हटलं. तिचं नाव मी विचारलं, तर गिरणीत कोणाला नीट आठवेना. मंद मशीनकडे उशिरा बोलावतात, ते हे.

मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा शांता कळमेश्वर सोडून माझ्याकडे आली. मी मशीनशी बोलायचं आणि तिने माणसांशी, अशी वाटणी झाली. मॅडमची ताई झाले. मशीनं बदलली, फ्लॉपी गेल्या, नियम राहिला. लोकांना खुर्चीत बसवण्यात ती माझ्याहून तरबेज होती. ‘‘बसा ना दादा, तुमचंच आहे ते,’’ एवढंच म्हणायची.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शांतासाठी सगळे वंदनेला जमले होते तेव्हा, तिच्या भाचीने शांताचा लॅपटॉप माझ्या हातात दिला. ‘‘मावशी, हा खूप स्लो झाला आहे. बघता का?’’

मी तो घरी आणला आणि काही दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा कारण लगेच कळलं. आता बिऱ्हाडकरू ब्राउझरमध्ये राहतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, बाकी स्वभाव तोच. एक साड्यांवर सवलत शोधणारं. एक रोज नवीन डोंगर दाखवणारं. एक हवामान सांगणारं, एक व्याकरण तपासणारं, आणि दोन जाहिराती अडवणारी, जी एकमेकांची झडती घेत होती. कळमेश्वरात मालकाच्या पुतण्याला परत पाठवणाऱ्या बाईला भाचे-पुतण्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. एवढंसंच तं आहे, असं ते म्हणाले असणार.

मी लॅपटॉप घेऊन शांताच्या घरी गेले आणि त्या सगळ्यांना बोलावलं. नियम सांगितला. त्यांना थोडं हसू आलं, पण आले. एकेक जण तिच्या खुर्चीत बसला, आपापलं शोधलं आणि काढलं. भाचीने डोंगर काढताना विचारलं, ‘‘हा राहू दिला तर नाही का चालणार?’’ मग तिनेच काढला. मराठी टाईप करायचं एक मी बसवलेलं होतं. ते ठेवलं, पण खुर्चीत बसून ठेवलं.

शेवटी एक उरलं. त्याच्यावर कोणी हक्क सांगितला नाही. पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारं. ते तिने स्वतःच बसवलं होतं. डोळे इतके गेले होते, हे तिने आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. मी पाठवलेली पानं ती वाचत नव्हती, ऐकत होती.

त्याने मशीन थोडं मंद होतं. पण त्याची मालकीण खुर्चीत बसणार नाही, तेव्हा मी काढलेलं नाही.

हा लेख त्याच लॅपटॉपवर लिहिला. एक परिच्छेद झाला की तो त्याला वाचायला लावते. ‘कळमेश्वर’शी ते दर वेळी अडखळतं. वाचण्याचा वेग तिने सगळ्यांत कमी ठेवला होता, तो मी तसाच ठेवला आहे. त्या वेगाने ऐकलं, की माझी वाक्यं खरंच लांब आहेत. बरीच खोडली.